सुटलेली वायर

१

चषक गेल्याचं पहिल्यांदा प्रयोगशाळेचे शिपाई जोतिराममामांनी पाहिलं. पण त्यांनी ओरडा केला तो चषकाचा नव्हे, घंटेचा.

"मॅडम, घंटा वाजंना! कपाट सताड उघडलंय, तरी वाजंना!"

मधली सुट्टी नुकतीच संपली होती. बुद्धप्रिया शिवशरण हातातला खडू तसाच घेऊन वर्गातून प्रयोगशाळेकडे धावली. ती कॉलेजात अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्स शिकवायची, आणि ही प्रयोगशाळा तिच्या ताब्यात होती. कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटापाशी मामा एक बोट अजून कानात घालूनच उभे होते. जिल्हा विज्ञान प्रदर्शनाचा फिरता चषक ठेवायचा तो मधला कप्पा रिकामा होता.

"काचेतनं बघितलं तर चषक न्हाय," मामा म्हणाले. "म्हणलं, आता बोंब व्हायची ती होऊ दे. कानात बोटं घातली आन दार वढलं. तर काय, सगळं गारच की!"

कपाटाच्या कुलपाची किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला असायची. ती कुणीही घेऊ शकत होतं, म्हणून तर घंटा बसवली होती. बारावीतल्या आरिफ मकदूमने ती दोन गेट वापरून बनवली होती. पहिलं नॉट गेट, आत जाईल त्याच्या उलट बाहेर काढणारं, एकाचा शून्य आणि शून्याचा एक. दुसरं अँड गेट, दोन्ही बाजूंनी एक आला तरच एक देणारं, नाहीतर शून्य. दार उघडलं की एक. घंटेची वेगळी किल्ली फिरवली की तोही एक, पण तो नॉट गेटमधून उलटा होऊन पुढे जायचा. म्हणजे दार उघडं आणि किल्ली फिरवलेली नाही, अशा वेळीच घंटा वाजणार. ती फिरवायची किल्ली एकच होती, प्राचार्या सिद्धेश्वरी बिराजदार मॅडमच्या पर्समध्ये. आणि बिराजदार मॅडम सकाळपासून श्रीपूरला एका कार्यक्रमाला गेल्या होत्या.

कपाटाच्या बाजूला घंटेची प्लास्टिकची डबी स्क्रूंनी पक्की बसवलेली होती. तिच्यावरचा हिरवा दिवा चालू होता. घंटा जिवंत होती. तरीही ती गप्प राहिली होती.

"मॅडम," दारातून आवाज आला. आरिफ होता. चेहरा पांढराफटक. "मैं सुट्टीत आलो होतो इकडे. बॅटरी बघायला. सगळे आता माझंच नाव घेणार ना?"

बुद्धप्रियाने उत्तर द्यायच्या आतच मागून शेजारच्या प्रयोगशाळेतले वाघमोडे सर आले. रिकाम्या कप्प्याकडे पाहून त्यांनी मान हलवली.

"ज्यानं घंटा बनवली, त्यालाच ती गप्प करता येते," ते म्हणाले.

२

संध्याकाळी प्राचार्यांच्या खोलीत पंखा फुल्ल फिरत होता, तरी सगळ्यांना घाम फुटला होता. बिराजदार मॅडम श्रीपूरहून थेट कॉलेजात आल्या होत्या. घंटेची किल्ली त्यांनी पर्समधून काढून टेबलावर ठेवली. ती दिवसभर त्यांच्याजवळच होती.

समोर आरिफची आई, अजीजा, बसल्या होत्या. टॉवेलच्या कारखान्यातून शिलाईचं काम टाकून त्या तशाच आल्या होत्या. ओढणीला पांढरे धागे चिकटलेले.

"बाई, मुलाचं वय असं असतं," बिराजदार मॅडम म्हणाल्या. "त्याने चषक परत आणून दिला तर मी हे प्रकरण वाढवणार नाही."

"जे घेतलंच नाही, ते आणायचं कुठून?" अजीजा म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण टेबलाच्या कडेवरची त्यांची बोटं घट्ट झाली. "तुम्ही लोकांनी त्याला दुपारी भरल्या वर्गातून उठवून इथं आणलंत. सगळ्या मुलांनी पाहिलं. ते आता कसं पुसणार?"

वाघमोडे सर खिडकीपाशी उभे होते. गाव माळशिरसकडचं, नोकरी सगळी सोलापुरात, येत्या मे महिन्यात निवृत्त. "माझं कुणाशी वैर न्हाय," ते म्हणाले. "पण मॅडम, उद्या दुपारपर्यंत प्रदर्शनासाठी नाव कळवायचंय. संशयितालाच पाठवायचं का?"

या वर्षी आरिफच्या घंटेची निवड झाली होती. दुसऱ्या क्रमांकावर सुमितचं मॉडेल होतं, वाघमोडे सरांच्या मार्गदर्शनाखाली केलेलं.

बिराजदार मॅडमनी डोळे मिटून क्षणभर कपाळ चोळलं. "उद्या सकाळी चषक मिळाला नाही, तर प्रदर्शनाला सुमित जाईल. आणि परवाच्या प्रॅक्टिकलला आरिफ बसणार नाही. बाहेरचे परीक्षक येणार आहेत. मी डोळेझाक करू शकत नाही."

प्रॅक्टिकल गेलं की वर्ष गेलं. हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"मॅडम," बुद्धप्रिया म्हणाली, "मला उद्या सकाळपर्यंतचा वेळ द्या."

"तुम्ही काय करणार?"

"डबी उघडून बघणार."

३

डबी तिने एकटीने उघडली, आणि उघडण्याआधी खोलीचं दार लावून घेतलं.

आरिफचं काम नीटनेटकं होतं. बॅटरी जागच्या जागी, चिपा जागच्या जागी. बाहेरून दोन वायरी आत येत होत्या. एक काळी, दाराच्या बटणाची. दुसरी पिवळी, किल्लीची. काळी तिच्या खाचेत होती. पिवळी मात्र खाचेतून निघून बाजूला लोंबत होती. तुटलेली नव्हती. कुणीतरी चिमटीत धरून ती हलकेच बाहेर ओढली होती.

बुद्धप्रियाने तिला हात लावला नाही. ती स्टुलावर बसली आणि त्या एवढ्याशा पिवळ्या टोकाकडे बघत राहिली.

कुणीही म्हणालं असतं, वायर सुटली, घंटा बंद पडली, झालं. पण तसं नव्हतं. गणित उलट होतं. किल्लीची वायर सुटली म्हणजे, पुस्तकाप्रमाणे, किल्लीकडून शून्य. नॉट गेट त्याचा करणार एक. मग दार उघडताच घंटा खणखणायला हवी होती.

ती वाजली नाही, कारण खरी चिप पुस्तकाप्रमाणे वागत नाही. या जातीच्या चिपेचा इनपुटचा पाय मोकळा सोडला, तर चिप त्याला शून्य समजत नाही. एक समजते. जणू किल्ली कायमची फिरवूनच ठेवलीय. हे पाठ्यपुस्तकात नव्हतं. ज्याने चिपा हातात घेऊन वर्षानुवर्षं काम केलंय, चुका केल्यात, त्यालाच हे ठाऊक असतं.

मग तिला दुसरी गोष्ट जाणवली, आणि ती स्टुलावरून उठलीच. चषक काढून दार लावल्यावर वायर परत खाचेत खुपसायला कितीसा वेळ लागणार होता? ती खुपसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. चोराने ती मुद्दाम लोंबती ठेवली होती.

त्याला चषक नको होता. त्याला ही वायर कुणाला तरी दाखवायची होती.

तिने डबी पुन्हा बंद केली, चारही स्क्रू आवळले, आणि वर प्राचार्यांच्या खोलीत फोन लावला. "मॅडम, आतली एक वायर सुटली आहे. सध्या एवढंच सांगते."

४

सकाळी पहिल्यांदा तिने जोतिराममामांना गाठलं. मामा प्रयोगशाळेच्या दाराबाहेर स्टुलावर बसून चहात बिस्किट बुडवत होते.

"सुट्टीत कोण कोण आत गेलं, मामा?"

"तिघं. आधी आरिफ, त्याचं दप्तर घिऊन. मग सुमित, चार्टांची गुंडाळी आन थर्माकोलचं खोकं न्यायला. मग वाघमोडे सर. त्यांनी लाकडी पेटीतलं मीटर नेलं."

"तुम्ही कुठं होता?"

"हितंच! दाराच्या काचेतनं हिरवा दिवा तेवढा दिसतो की. तो चालू हाय तवर मला घोर न्हाय. एकदाबी इझला न्हाय बगा." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मॅडम, मला इचाराल तर घंटा गप करायला मी बॅटरीच उपटली असती. ह्ये गेट-बीट आपल्याला कळत न्हाय."

बुद्धप्रियाला हसू आलं. बॅटरी उपटली असती तर दिवा विझला असता. मामा सुटले.

सुमित ग्रंथालयाच्या पायरीवर सापडला. गोरामोरा, पण नजर चुकवत नव्हता.

"मॅडम, मला जायचंय प्रदर्शनाला. खोटं कशाला बोलू? पण असं नाही जायचं. पोरं आत्ताच म्हणायला लागलीत, 'काय रे, चषक घरी ठेवलास का?' "

"एक सांग. ती घंटा तुला बंद पाडायची असती, तर कुठली वायर काढली असतीस?"

"दाराची," तो क्षणाचाही विचार न करता म्हणाला. "दार शून्य झालं की अँड गेट शून्यच देणार. किल्लीची काढली तर उलट वाजेल ना?"

"बरोबर," ती म्हणाली. "पुस्तकाप्रमाणे."

वाघमोडे सर त्यांच्या प्रयोगशाळेत मीटर पुसत होते. टेबलावर त्यांचं जुनं प्रात्यक्षिकाचं सर्किट होतं, कॉलेजातल्या प्रत्येक पिढीने पाहिलेलं. त्यांनी खुर्ची पुढे केली.

"बसा. पोरासाठी धावपळ करताय, चांगलं हाय. पण बाई, घंटा मुळातच कच्ची होती."

"वायर सुटली म्हणून?"

"वायरीचं काय, ती सुटतेच. पण मकदूम पडला घाईचा. किल्लीच्या पायाला एक रेझिस्टर लावून ग्राउंडला जोडला असता, तर वायर सुटली तरी पाय शून्यावरच राहिला असता. आमच्या काळी असं अर्धवट काम केलं असतं तर सरांनी सर्किट खिडकीबाहेर फेकलं असतं."

"खरंय, सर," बुद्धप्रिया म्हणाली.

ती उठली आणि शांतपणे बाहेर आली. जिन्यात मात्र ती मधेच थांबली. तिच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी सरांनीच तिला सोल्डरिंग आयर्न नीट धरायला शिकवलं होतं.

५

"इथं आणि आत्ता दाखवणार?" बिराजदार मॅडमनी विचारलं. प्रयोगशाळेत त्या, आरिफ आणि बुद्धप्रिया तिघंच होते. डबी उघडी होती. पिवळी वायर पुन्हा खाचेत बसवली होती, म्हणजे घंटा जशी बनवली होती तशी.

"आरिफ," बुद्धप्रिया म्हणाली, "समज, कपाट गुपचूप उघडायचंय. घंटेची किल्ली नाही. दिवा विझता कामा नये. एकच वायर काढायची. काढ."

आरिफने तिच्याकडे संशयाने पाहिलं. "मॅडम, हे माझ्यावरच येईल."

"काढ तू."

त्याने डबीवर वाकून नीट पाहिलं आणि ठामपणे काळी वायर चिमटीत धरली. दाराची. ती त्याने ओढली.

घंटा खणाणली. कपाट बंद असतानाच. असा कर्कश आवाज की वरच्या मजल्यावरचे वर्ग उठून व्हरांड्यात आले, आणि खालून कुणीतरी "आग लागली का?" म्हणून ओरडलं. आरिफने दचकून वायर परत खुपसली. घंटा थांबली.

"ये कैसे..." तो पुटपुटला. "दार शून्य झालं ना? मग वाजली कशी?"

बिराजदार मॅडम घंटेकडे नाही, त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. तेवीस वर्षं मुलांचे चेहरे वाचलेल्या बाई होत्या त्या.

"नाटक करत नाहीये," त्या हळूच म्हणाल्या.

"तुम्हाला आठवतंय, मॅडम? गेल्या आठवड्यात तुम्ही माझ्या वर्गात मागच्या बाकावर निरीक्षणाला बसला होता. मी विचारलं होतं, चिपेचा पाय मोकळा सोडला तर काय?"

"सगळा वर्ग एका सुरात 'शून्य' म्हणाला होता." त्या थांबल्या. "आरिफ आणि सुमित सगळ्यांत मोठ्याने."

"उत्तर चुकलं होतं. मोकळा पाय म्हणजे एक. मी त्यांना ते पुढच्या तासाला करून दाखवणार होते. काल जी वायर काढली होती ती काळी नव्हती, पिवळी होती. हा जर काल चोरी करायला आला असता, तर आत्ता केलं तेच त्याने काल केलं असतं, आणि मधल्या सुट्टीत सगळं कॉलेज इथे गोळा झालं असतं. त्याच्या चुकीनेच तो सुटला."

आरिफने भिंतीला पाठ टेकली. डोळे भरून आले होते, पण ओठ हसत होते. "मॅडम, माझे मार्क कापणार का मग?"

"ते तर कापणारच."

"मग कुणी काढली पिवळी?" बिराजदार मॅडमनी विचारलं.

बुद्धप्रियाने आरिफला वर्गात पाठवलं. तो गेल्यावरच ती बोलली.

६

"दोन गोष्टी एकत्र असायला हव्यात," ती म्हणाली. "चोराला चषक नको होता, नाहीतर त्याने वायर परत लावली असती. आरिफची घंटा कच्ची आहे, हे लोकांनी पाहावं अशी त्याची इच्छा होती. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी, मोकळा पाय म्हणजे एक, हे त्याला ठाऊक होतं. अँड गेटसारखंच. दोन्हीकडून एक आला तरच."

"सुमितला इच्छा असू शकते."

"पण त्याला ते ठाऊक नव्हतं. जोतिराममामांना ना इच्छा, ना माहिती. आरिफ स्वतःचीच घंटा बदनाम कशाला करेल? उरतं एकच माणूस. पण तेवढ्यावर मी नाव घेतलं नसतं."

"मग?"

"काल मी तुम्हाला एवढंच सांगितलं, की एक वायर सुटली आहे. कुठली, ते सांगितलं नाही. आत रेझिस्टर नाही, हेही नाही. डबी बंद होती. आज सकाळी वाघमोडे सर मला म्हणाले, किल्लीच्या पायाला रेझिस्टर लावला असता तर बरं झालं असतं. डबी उघडून आत डोकावल्याशिवाय हे कुणाला कळलं असतं?"

पंख्याने टेबलावरचा एक कागद उडवला, तो बिराजदार मॅडमनी उचललाही नाही.

"मामा मलाही म्हणाले होते, सरांनी लाकडी पेटी नेली," त्या म्हणाल्या.

दोघी शेजारच्या प्रयोगशाळेत गेल्या. वाघमोडे सरांनी त्यांना पाहिलं. हातातलं फडकं त्यांनी घडी घालून खाली ठेवलं. काही विचारायच्या आधीच त्यांनी कपाटाच्या खालच्या खणातून लाकडी पेटी काढली, झाकण उघडलं. आत मीटर नव्हतंच. जुन्या टॉवेलात गुंडाळलेला चषक होता.

"किती वर्षं माझीच मॉडेलं जात होती," ते म्हणाले. "हे शेवटचं वर्ष. मला एवढंच दाखवायचं होतं की मकदूमची घंटा कच्ची आहे. प्रदर्शन झालं की चषक ठेवणारच होतो जागेवर."

"दाखवायचं होतं तर दाखवायचं होतं, सर," बुद्धप्रिया म्हणाली. तिचा आवाज नेहमीइतकाच शांत होता. "सगळ्यांसमोर वायर काढून दाखवली असती, तर आरिफ तुमच्याकडून शिकला असता. पण तो मुलगा इथं चोर म्हणून उभा राहिला, आणि तुम्ही गप्पसुद्धा बसला नाहीत. त्याचं नाव तुम्हीच पहिल्यांदा घेतलंत."

वाघमोडे सर स्टुलावर बसले. आता एकदम म्हातारे दिसायला लागले होते.

"व्हय," ते म्हणाले. "घेतलं."

बिराजदार मॅडमनी घसा साफ केला. "चषक मिळालाय. आरिफ प्रॅक्टिकलला बसेल, प्रदर्शनालाही तोच जाईल. सर, तुमचं काय करायचं ते संस्था ठरवेल. बाकी हे खोलीतच राहिलेलं बरं. चषक दुसरीकडे ठेवला गेला होता, असं आपण सांगू."

"नाही, मॅडम," बुद्धप्रिया म्हणाली. "आरिफला वर्गातून उठवलं होतं. त्याचं नाव वर्गातच धुतलं गेलं पाहिजे."

"त्यांचं निवृत्तीचं वर्ष आहे, शिवशरण."

"त्याचं बारावीचं आहे."

मग वाघमोडे सर उठले, शर्ट सारखा केला, आणि दाराकडे निघाले.

७

बारावीच्या वर्गात तास चालू होता. तिघांना एकदम आत येताना पाहून पोरं उठून उभी राहिली आणि उभीच राहिली. बसा म्हणायला कुणाला सुचलं नाही.

वाघमोडे सर फळ्यासमोर उभे राहिले. आयुष्यभर तिथं उभं राहून बोललेला माणूस, पण सुरुवात कुठून करावी ते त्यांना कळेना. मग त्यांनी सगळ्यांत सोप्या शब्दांत सांगितलं. चषक मी काढला. घंटेची वायर मी सोडवली. आरिफचं नाव मी घेतलं. आरिफचा त्यात काहीएक संबंध नव्हता.

सुमितने मान खाली घातली. आरिफ तिसऱ्या बाकावर ताठ उभा होता.

"मकदूम," सर म्हणाले, "मी तुझी माफी मागतो."

बुद्धप्रियाला वाटलं, तो 'जाऊ द्या सर' म्हणेल. पोरं तसंच म्हणतात. पण आरिफ बाकातून बाहेर आला, फळ्यापाशी गेला.

"सर," तो म्हणाला, "काल अम्मीला इथं बोलावलं होतं. तिला रात्री जेवण गेलं नाही. हेच तिला सांगाल?"

बिराजदार मॅडमनी आपला मोबाइल काढून पुढे केला. आरिफने नंबर सांगितला. सरांनी तो लावला, आणि पोरांनी ऐकावं म्हणून स्पीकर चालू केला. शिलाई मशिनांच्या खडखडाटातून "हॅलो?" ऐकू आलं.

"अजीजाबाई, मी कॉलेजातले वाघमोडे सर." त्यांनी एकदा आरिफकडे पाहिलं. "चषक मी घेतला होता. तुमच्या मुलाने नाही. मी खोटं बोललो."

तिकडे एक मशीन थांबलं. मग शेजारचं थांबलं.

"हे मुलांना सांगितलं का?" अजीजांनी विचारलं.

"सांगितलं. वर्गातूनच बोलतोय. सगळी मुलं ऐकतायत."



"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आरिफला म्हणावं, सकाळी डबा तसाच टाकून गेलास. कुणाचा तरी घास खाऊन घे. उपाशी अभ्यास करायचा नाही."

फोन बंद झाला. सर तो हातात धरून तसेच उभे होते. सुमितने दप्तरातून आपला डबा काढला आणि आरिफच्या बाकावर ठेवला.